घरच्या फिल्टर कॉफीला उडप्याकडची चव का येत नाही?

प्रश्न: आम्ही पुण्यात राहतो. उडप्याकडे मिळते तशी कॉफी घरी करायची म्हणून स्टीलचा फिल्टर आणला. पण कॉफी कधी पाणचट होते, कधी कडूजहर, आणि कधी फिल्टर असा तुंबतो की सकाळपर्यंत थेंब पडत नाही. नवऱ्याला काळी कॉफी लागते, सासूबाईंना जायफळाची. पंधरा हजारांपर्यंतचं एस्प्रेसो मशीन घेतलं तर हे सगळं सुटेल का? चिकोरीची पूड वाईट असते का? आणि चोथा कुंडीत घातला तर चालतो का?

उत्तर:

मशीन घेऊ नका. तुमच्याकडे जो फिल्टर आहे तोच तुमच्या कामाचा आहे, बिघाड दुसरीकडे आहे. मी कॉफी भाजण्या-दळण्याच्या धंद्यात आहे, आणि "फिल्टर बदलून पाहिला, तरी जमत नाही" हे वाक्य काउंटरवर वरचेवर ऐकते. बहुतेक वेळा दोष पुडीत असतो, थोड्या वेळा दुधात, आणि फिल्टरचा दोष अगदी क्वचित.

मशीनचा विषय आधी मिटवून टाकू. एस्प्रेसो म्हणजे अगदी बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बार दाबानं अर्ध्या मिनिटात पाणी ढकलायचं. तेवढ्या थोड्या वेळात चव उतरायची तर दळण अचूक लागतं. ते जरा जाड झालं तर पाणी सुसाट निघून जातं, जरा बारीक झालं तर अडतं. त्यामुळे मशीनइतकाच खर्च ग्राइंडरवर करावा लागतो, आणि तुमच्या बजेटात दोन्ही बसत नाहीत. या किमतीच्या मशीनबरोबर बहुधा दुहेरी तळाची जाळी देतात. तिच्या एका बारीक भोकातून कॉफी जोरात बाहेर येते आणि वर फेस दिसतो. तो फेस दाबाचा असतो, चव कशीही असली तरी तो येतोच. त्यात सकाळी तीन माणसांना तीन कप हवे असतील तर तिसऱ्याचा नंबर येईपर्यंत पहिल्याचा कप धुऊन होतो. ज्याला खटपटीची हौस आहे त्यानं जरूर घ्यावं. तुम्हाला दुधाची, कडक, गरम कॉफी हवी आहे. ती या फिल्टरमधून निघते आणि उडप्याकडेही हीच निघते, फक्त त्याचं भांडं मोठं असतं.

आता पूड. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

उडप्याची पूड दोन-तीन दिवसांत संपते आणि नवी येते. आपण घरी अर्ध्या किलोचं पाकीट आणतो, ते दोन महिने पुरवतो, आणि डबा उघडल्यावर वास येत नाही म्हणून एक चमचा जास्त घालतो. त्या जादा चमच्यानं कडूपणा तेवढा वाढतो. भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर सुवासही जातो. अख्खा दाणा नीट ठेवला तर महिनाभर चांगला राहतो. दळला की त्याचं आयुष्य एकदम आटतं, आठवड्याभरातच फरक कळायला लागतो आणि तीन आठवड्यांनी उरतो तो रंग आणि कडवटपणा. म्हणून पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. ती नसेल तर निदान पॅकिंगची पाहा. 'वापरण्याची अंतिम तारीख' पाहून काही उपयोग नाही, कारण कॉफी तोवर नासत नाही, नुसती मरते. दोनशे-अडीचशे ग्रॅम घ्या, पंधरवड्यात संपवा, पुन्हा आणा. मुंबईत माटुंग्याला, पुण्यात जुन्या पेठांत आणि कॅम्पात समोर दळून देणारी दुकानं आहेत. तिथे उभं राहून दळून घेतलेली साधी पूड महागड्या डब्यातल्या शिळ्या पुडीपेक्षा सरस निघते.

दुकानात काय मागायचं? भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी जवळजवळ सत्तर टक्के एकट्या कर्नाटकातून येते, म्हणजे कोडगू, चिकमगळूर आणि हासन या पट्ट्यातून. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनच्या मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही त्यांचंच नाव आहे. (आपल्याकडे चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडं आहेत. तिकडे गेलात तर जरूर बघा, पण रोजच्या कपाची भिस्त कर्नाटकावरच.) जाती मुख्यतः दोन. अरॅबिकाला सुवास आणि किंचित आंबूस गोडवा असतो. रोबस्टा दणकट, कडू, फेसाळ, आणि तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट. दुकानदार 'प्लांटेशन ए' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ धुऊन वाळवलेल्या अरॅबिकाचा मोठा दाणा. 'पीबेरी' म्हणजे फळात दोन बियांऐवजी एकच भरलेली, गोल. पीबेरीचा फार गाजावाजा होतो. ती गोल असल्यानं भाजताना सगळीकडून सारखी भाजली जाते हे खरं, पण तेवढ्यासाठी किलोमागे शंभर-दोनशे रुपये जादा मोजावेत असं मला वाटत नाही.

पाकिटावर '१०० टक्के अरॅबिका' लिहिलं म्हणजे माल भारी, असा एक समज पसरला आहे. काळ्या कॉफीसाठी ठीक आहे. दुधासाठी नुसती अरॅबिका, त्यातून हलकी भाजलेली, म्हणजे पैशाचा अपव्यय, कारण तिची नाजूक चव दुधाखाली बुडते. दूध जरा जुनं असेल तर तिच्या आंबटपणानं ते फाटतंही. दुधाच्या कॉफीला मी साठ भाग अरॅबिका आणि चाळीस भाग रोबस्टा सुचवते. भाजणी मध्यमपेक्षा एक पायरी गडद असावी. दाणा काळपट तपकिरी दिसावा, पण तेलानं चकचकीत नको. तेल वर आलं म्हणजे भाजणी फार पुढे गेली, मग कुठल्याही बागेतली कॉफी असो, चव जळकट आणि सारखीच लागते.

चिकोरीबद्दल तुम्ही विचारलंत. चिकोरी म्हणजे कासनी. निळ्या फुलांचं झाड, त्याचं मूळ वाळवून, भाजून, दळून पूड करतात. आपल्याकडे ती गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्यात कॅफिन अजिबात नसतं. इन्युलिन नावाचं तंतुमय द्रव्य असतं. भाजताना त्याचा काही भाग करपून गूळसर होतो आणि पाण्यात भरभर विरघळतो, म्हणून रंग गडद येतो आणि डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून खाली उतरणारा कॉफीचा अर्क, दाट वाटतं. महागाईत आणि युद्धकाळात कॉफी मिळेनाशी झाली की युरोपात चिकोरी घालत, तीच सवय इकडे आली आणि टिकली. जुन्या मुंबईकरांना पोल्सनचं लोणी आठवतं, पण पोल्सन काढणाऱ्या पेस्तनजी एदलजींचा धंदा मुळात कॉफीचा, आणि त्यांच्या 'फ्रेंच कॉफी'तही चिकोरी होतीच. तेव्हा चिकोरी म्हणजे भेसळ, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. पाकिटावर प्रमाण छापलेलं असेल तर तो रीतसर माल आहे. न सांगता घातली असेल तर मात्र ती भेसळच. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण वेष्टनावर लिहायलाच हवं. ते वाचा. स्वस्त पाकिटांत आकडा ५३:४७ किंवा ६०:४० असतो, म्हणजे तुम्ही जवळजवळ अर्धे पैसे मुळाचे देता.

माझ्या मते पंधरा ते वीस टक्के चिकोरी दुधाच्या कॉफीला शोभते. डिकॉक्शनला अंग येतं, दुधात रंग टिकतो. तीस टक्क्यांच्या पुढे गेलात की कॉफीचा वास मागे पडतो आणि जिभेवर जळक्या गुळासारखी चव राहते. काहींना तीच आवडते, लहानपणापासून तीच प्यायलेले असतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. तुम्ही ८०:२० पासून सुरुवात करा. पुडीत सांगितल्यापेक्षा जास्त चिकोरी आहे अशी शंका आली तर काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या आणि वरून चिमूटभर पूड हलकेच भुरभुरा, ढवळू नका. कॉफीचे कण तेलकट असतात, ते वर तरंगत राहतात. चिकोरी लगेच खाली बसायला लागते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा सोडते. नेमके टक्के यातून कळणार नाहीत, पण 'शुद्ध कॉफी' म्हणून विकलेल्या पुडीनं अशा रेघा सोडल्या तर दुकान बदला.

दळण फिल्टरसाठी कसं हवं, हे बोटांना कळतं. चिमूट घेऊन अंगठ्यानं चोळा. बारीक रव्यापेक्षा बारीक लागली पाहिजे, पण मैद्यासारखी मऊ आणि बोटाला चिकटणारी नको. घरच्या मिक्सरवर दळायचं असेल तर थांबून थांबून, दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, नाहीतर पातं तापतं आणि निम्मी पूड पीठ होते, निम्मी भरड राहते. आणि मसाल्याचं भांडं तेवढं वापरू नका. धन्याचा वास दोन धुण्यांनीसुद्धा जात नाही.

आता फिल्टर लावायची कृती. तुमच्या तिन्ही तक्रारींची उत्तरं इथेच आहेत.

आधी फिल्टरचं माप बघा. तुम्ही तिघं, म्हणजे छोटा फिल्टर हवा. पाहुणे येतील म्हणून आठ-दहा कपांचा आणला असेल तर पाणचट कॉफीचं कारण सापडलं. रुंद भांड्यात तीन चमचे पूड घातली की तिचा थर बोटभरही होत नाही, आणि पाणी त्यातून न थांबता खाली जातं. पुडीनं वरच्या भांड्याचा निदान तिसरा हिस्सा भरला पाहिजे. घरी दोन फिल्टर असावेत, एक रोजचा आणि एक सणावाराचा. लहान फिल्टर हजाराच्या आत मिळतो. घेताना वरचं भांडं उजेडासमोर धरून भोकं बघा. सारखी आणि बारीक हवीत. काही स्वस्त फिल्टरांत कडेची भोकं मोठी असतात, तिथून गाळ उतरतो.

तीन कपांसाठी पूड २० ग्रॅम. काटा नसेल तर पोह्याचे तीन चमचे शीग लावून. पाणी १२० मिली. पूड आपल्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली साधारण ८० मिली डिकॉक्शन मिळेल, म्हणजे कपाला २५ मिलीच्या आसपास. एवढंसंच पाहून बरेच जण घाबरतात आणि वरून आणखी पाणी ओततात. तिथे सगळं बिघडतं. चवीचं जे आहे ते पहिल्या पाण्यात उतरलेलं असतं, दुसऱ्या पाण्यात राहिलेला तुरटपणा येतो. डिकॉक्शन कमी पडत असेल तर पूड वाढवा, पाणी नको.

भांडं कोरडं हवं. पूड घाला, भांडं दोनदा हलकेच आपटून ती सपाट करा, आणि दांडीची चकती वर नुसती टेकवा. दाबू नका. तुमचा फिल्टर तुंबतो तो बहुधा याच दाबण्यानं. चिकोरी भिजली की फुगते आणि चिकट होते, आधीच दाबलेली असेल तर तिचा लगदा होऊन भोकं बंद होतात. बिनचिकोरीची कॉफी असेल तर किंचित दाबायला हरकत नाही, कारण तिच्यातून पाणी लवकर निघून जातं.

पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, थोडं निवलं की नेमकं हवं तिथे येतं. (महाबळेश्वरला ते उकळतंच ९५-९६ अंशांना. तिथे थांबायची गरज नाही, थेट ओता.) पहिल्यांदा फक्त दोन-तीन चमचे पाणी चकतीवर गोल फिरवत घाला आणि मनात तीसपर्यंत मोजा. ताजी पूड असेल तर ती फुगताना, बुडबुडे सोडताना दिसेल. ती जागची हलली नाही तर समजा, पूड शिळी आहे. मग उरलेलं पाणी सावकाश ओता, झाकण लावा आणि दूर व्हा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. पाच मिनिटांत सगळं खाली उतरलं तर दळण जाड होतं. अर्धा तास झाला तरी वर पाणी आहे तर एकतर दळण फार बारीक आहे, किंवा दोन भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसली आहेत की खालच्या भांड्यातली हवा कोंडली आहे. तेव्हा वरचं भांडं किंचित उचलून परत ठेवा. फुस्स आवाज येतो आणि थेंब सुरू होतात. चमच्यानं वरची पूड ढवळण्याचा मोह मात्र टाळा, गाळ खाली जातो.

रात्री लावून ठेवलं तर चालतं का, असं बरेच जण विचारतात. चालतं, सकाळची धांदल वाचते. मी स्वतः उठल्याबरोबर लावते आणि मग दात घासायला जाते, कारण ताज्या डिकॉक्शनचा वास रात्रभर पडलेल्याला येत नाही. उरलेलं डिकॉक्शन झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा आणि संध्याकाळपर्यंत संपवा. ते गॅसवर गरम करू नका. उकळलेलं डिकॉक्शन कडू होतं, तुमची 'कडूजहर' बहुधा इथूनच येते. दूध कडकडीत असेल तर गार डिकॉक्शनही चालतं. फारच गार वाटलं तर वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा.

फिल्टर महिन्याभरानं हळू चालायला लागतो, कारण भोकांत तेल आणि बारीक पूड अडकते. साबणानं ते निघत नाही. स्टीलचं वरचं भांडं सांडशीत धरून तळ गॅसच्या आचेवर अर्धा-एक मिनिट फिरवा, अडकलेलं जळून राख होतं, मग गार करून ब्रशनं घासा. पितळी फिल्टर असेल तर हे अजिबात करू नका. त्याला आतून कल्हई असते आणि कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे ज्यासाठी कल्हई केली तीच जाईल. पितळी दिसतो देखणा, पण कल्हईवाला शोधायची तयारी असेल तरच घ्या.

दुधाकडे कुणी लक्ष देत नाही आणि निम्मा कप तर दुधाचाच असतो, खरं म्हणजे तीन-चतुर्थांश. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६. फिल्टर कॉफीला फुल क्रीम घ्या, किंवा गाईचं ताजं निरसं दूध मिळत असेल तर ते. सकाळी तापवलेलं, साय काढलेलं, दुपारी पुन्हा तापवलेलं दूध कॉफीला नको. वारंवार उकळलेल्या दुधाला एक शिजका वास येतो आणि तो कॉफीच्या वासावर बसतो. कॉफीपुरतं दूध वेगळं काढा, एकदाच तापवा, वर यायला लागलं की बंद करा. पेल्यात आधी साखर, त्यावर डिकॉक्शन, मग उंचावरून दूध. नंतर वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत दोन-तीनदा ओता. साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते, चमच्याचं कामच नाही. डिकॉक्शन आणि दूध यांचं एकास चार प्रमाण धरा, कडक हवी तर एकास तीन. आणि उडप्याच्या कॉफीत साखर आपल्या घरच्यापेक्षा बरीच जास्त असते. 'तिथली चव' म्हणतात तिच्यात हाही एक वाटा आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, कॉफीला चांगलं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर चव चपटी आणि खडूसारखी लागते. पण आरओचं अगदी रितं केलेलं पाणीही बरं नाही, कॉफीतली चव उतरवायला थोडे क्षार लागतात. आरओ असेलच तर त्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळा.

साठवण: घट्ट झाकणाचा लहान डबा, ओट्यापासून लांब, चमचा कोरडा. फ्रीज नको, तिथे दमट हवा आणि कालची आमटी दोन्ही असतात. पावसाळ्यात चिकोरीची पूड हवेतला ओलावा ओढून गोळे धरते, जून ते सप्टेंबर शंभर-शंभर ग्रॅमच आणा. जास्तीचे अख्खे दाणे असतील तर लहान पुड्या करून, हवाबंद, फ्रीजरमध्ये चालतील. पुडी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर थंड दाण्यांवर दव धरतं.

तुमच्या यजमानांची काळी कॉफी. या फिल्टरचं डिकॉक्शन पाणी घालून काळं प्यायलं तर जड लागतं, त्यात चिकोरी असेल तर फारच. त्यांना वेगळी पूड हवी. बिनचिकोरीची अरॅबिका, मध्यम भाजणीची, चिकमगळूर भागातली किंवा आंध्रच्या अराकू खोऱ्यातली. करायची सोपी रीत म्हणजे फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीची दांडी खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं. १५ ग्रॅम जाड दळलेली पूड, साधारण २४० मिली गरम पाणी, चार मिनिटं, दांडी खाली आणि लगेच ओतायची. तशीच ठेवली तर ती मुरत राहते आणि तुरट होते. त्यांना कोलेस्टेरॉलचा त्रास असेल तर कागदी फिल्टरची घ्यावी. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदात ते अडकतं, जाळीतून खाली येतं. मोकापॉट (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबानं पाणी पुडीतून वर ढकलणारं भांडं) घ्यायचा विचार असेल तर एक सावधगिरी. आपली बारीक दळलेली चिकोरीची पूड त्यात कधी घालू नका. ती पाण्याची वाट अडवते आणि खालच्या भांड्यात दाब वाढतो. मशीनच्या पैशातून काही घ्यायचंच असेल तर हातानं फिरवायचा चांगला ग्राइंडर घ्या, म्हणजे दाणे आणून रोज दळता येतील. दोघांच्या कॉफीला त्याचा उपयोग होईल, मशीनचा एकाला झाला असता.

सासूबाईंची जायफळाची कॉफी मला स्वतःला फार आवडते आणि ती 'खरी कॉफी नव्हे' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचा राग येतो. फक्त जायफळ दुधात उकळू नका. साखरेवर किसणीनं दोन-तीनदाच ओढा, त्यावर डिकॉक्शन आणि दूध. उष्णतेनं वास लगेच उठतो आणि कडवटपणा येत नाही. वेलदोडा घालायचा तर एकच, आणि जायफळ कमी करून. त्यांना फेटलेली कॉफी आवडत असेल तर त्यासाठी इन्स्टंटच लागते. साखर आणि दोन-चार थेंब पाणी घालून पिवळसर होईपर्यंत घोटायची. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हीच जगभर डालगोना नावानं फिरली, आपल्याकडे ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. संध्याकाळी पिऊन त्यांची झोप उडत असेल तर संध्याकाळच्या कपासाठी चिकोरी जास्त असलेली ६०:४० पूड ठेवा, कॅफिन आपोआप कमी होतं. कॅफिनचा निम्मा अंमल उतरायला बहुतेकांना पाचएक तास लागतात, सहानंतरची कॉफी म्हणूनच जाणवते. कुणी लोहाच्या गोळ्या घेत असेल तर गोळी आणि कॉफी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा, कॉफीमुळे लोह नीट शोषलं जात नाही.

चोथा. कुंडीत चालतो, पण ओला जाड थर मातीवर पसरू नका. वाळल्यावर त्याची पापडी होते आणि पाणी खाली झिरपत नाही. कंपोस्टच्या डब्यात पालापाचोळ्याबरोबर मिसळलेला उत्तम, नाहीतर मूठभर मातीत कालवून. सिंकमध्ये मात्र कधी टाकू नका. तेलाबरोबर तो पाइपच्या वळणात जाऊन बसतो. वरचं भांडं पालथं करून ओल्या कचऱ्यात आपटा, उरलेला कागदानं पुसा, मग धुवा.